स्वखर्चाचे पुस्तक : कौतुकाबरोबर चिकित्साही हवी

मुस्लिम मराठी साहित्याविषयी बोलताना आपण प्रामुख्याने आशयाविषयी बोलतो. अस्मिता, अनुभवविश्व, बोली, मुख्य प्रवाहाने केलेली उपेक्षा हे आपल्या परिसंवादांचे नेहमीचे विषय आहेत आणि ते असायलाही हवेत. परंतु हे साहित्य वाचकापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचते, त्याचा खर्च कोण सोसतो, छापून झालेल्या प्रतींचे पुढे काय होते, या प्रश्नांकडे आपण फारसे वळत नाही. पैशाचा विषय साहित्याच्या व्यासपीठावर काढणे आपल्याला थोडे कमीपणाचे वाटते. या लेखात आम्ही नेमका तोच विषय काढणार आहोत.

१९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्याला आता तीन दशकांहून अधिक काळ लोटला. या काळात लिहिणाऱ्यांची संख्या वाढली ही समाधानाची गोष्ट आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक, एस.टी.तले कर्मचारी, वकील, शिवणकाम करून घर चालवणाऱ्या भगिनी, घरात दखनी किंवा कोकणी बोलणारी आणि शाळेत मराठी शिकलेली मुले अशी नवी मंडळी लिहू लागली. मात्र यांतील बहुतेकांची पहिली पुस्तके स्वतःच्या पैशाने निघाली आहेत. आमच्याकडे अभिप्रायासाठी येणाऱ्या पुस्तकांवर प्रकाशनाचे नाव काहीही असो, लेखकाशी दोन शब्द बोलले की कळते की खर्च त्यांनीच केला आहे. कोणी भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढलेली असते, तर कोणी मुलीच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेल्या पैशाला हात घातलेला असतो. हा पैसा कष्टाचा आहे, म्हणूनच त्याविषयी मोकळेपणाने बोलले पाहिजे.

आमची चूक

सुरुवात आमच्यापासून करतो. काही वर्षांपूर्वी कोकणातील एका शिक्षिकेने आपल्या कथासंग्रहाला आमची प्रस्तावना मागितली. त्यांनी पहिल्या तीन कथांच्या झेरॉक्स प्रती पाठवल्या होत्या. कथा चांगल्या होत्या. आम्ही तेवढ्याच वाचल्या आणि चार पानांची प्रस्तावना लिहून दिली. ‘मुस्लिम स्त्रीच्या भाषेचा अस्सल बाज’ असे काहीसे त्यात लिहिल्याचे आम्हांला आठवते. पुस्तक निघाले, प्रकाशनाचा कार्यक्रम झाला, आम्ही भाषणही केले.

संग्रहाची शीर्षककथा सहावी होती आणि ती आम्ही वाचली नव्हती. नवऱ्याच्या मृत्यूनंतर इद्दतीचे चार महिने दहा दिवस घरात काढणाऱ्या एका तरुण बाईची ती कथा. अक्षरजुळणी करणाऱ्याला ‘इद्दत’ हा शब्द माहीत नव्हता. त्याने तो आपल्या समजुतीने सुधारून ‘इज्जत’ केला आणि तोही सगळीकडे. त्यामुळे लेखिकेने लिहिलेले ‘तिची इद्दत अजून संपली नव्हती’ हे साधे वाक्य पुस्तकात ‘तिची इज्जत अजून संपली नव्हती’ असे छापले गेले. ज्या बाईच्या दुःखाला शब्द देण्यासाठी ही कथा लिहिली, तिच्याच अब्रूवर एका ओळीत शिंतोडे उडाले. पैसे घेऊन पुस्तक काढणाऱ्या प्रकाशकाने लेखिकेला अखेरचे प्रूफ दाखवले नव्हते, कारण प्रकाशनाची तारीख ठरलेली होती आणि पत्रिका वाटून झाल्या होत्या.

दोन वर्षांनी एका संमेलनात त्या भेटल्या. चहा घेता घेता त्यांनी शांतपणे विचारले, “सर, प्रस्तावना लिहिताना तुम्ही आख्खं पुस्तक वाचलं होतंत का?” आमच्याकडे उत्तर नव्हते. हा लेख त्या प्रश्नातून निघाला आहे.

स्वप्रकाशन म्हणजे काय आणि काय नव्हे

स्वखर्चाने पुस्तक काढणे ही कमीपणाची गोष्ट आहे, हा समज प्रथम काढून टाकू. महाराष्ट्रातील परिवर्तनाच्या साहित्याचा मोठा भाग प्रस्थापित प्रकाशकांच्या कृपेने आलेला नाही. जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ १८७३ साली निघाली ती कोणा मोठ्या प्रकाशनसंस्थेच्या बळावर नव्हे. त्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ साली लिहून झाला, तरी त्यांच्या हयातीत तो संपूर्ण पुस्तकरूपाने वाचकांसमोर येऊ शकला नाही. यावरून दुसऱ्याच्या छापखान्यावर अवलंबून राहण्याचे मोल लक्षात यावे. र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक १९२७ पासून १९५३ पर्यंत पदरमोड करून चालवले. पन्नाशीच्या आणि साठीच्या दशकांत लघुअनियतकालिकांनी मराठी कवितेचा चेहरा बदलला, तेही चक्रमुद्रित अंक काढून आणि मित्रमंडळींत वर्गणी जमवून. ज्यांना दार उघडले गेले नाही त्यांनी स्वतःचे दार केले, अशी ही परंपरा आहे आणि आपण तिचे वारस आहोत.

पण या उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. या मंडळींनी पैसे दिले आणि ती बाजूला झाली, असे घडले नाही. मजकूर, छपाई, वाचक आणि वितरण यांची जबाबदारी त्यांनी स्वतः उचलली. खऱ्या अर्थाने ते प्रकाशक झाले. आज आपल्याकडे स्वप्रकाशनाच्या नावाखाली जे चालते ते बहुतांशी निराळे आहे. लेखक पैसे देतो, दुसरा कोणी आपल्या नावाने पुस्तक छापतो, दोनशे-तीनशे प्रती लेखकाच्या दारात उतरवतो आणि व्यवहार संपतो. लेखकाला वाटते आपल्याला प्रकाशक मिळाला. प्रत्यक्षात त्याला महागडा छापखानेवाला मिळालेला असतो. प्रकाशक पुस्तकात स्वतःचे भांडवल गुंतवतो, म्हणून ते विकले जावे ही त्याची गरज असते. ज्याचा नफा छपाईपूर्वीच लेखकाच्या खिशातून वसूल झाला, त्याला विक्रीची गरज उरत नाही. सर्वच तसे असतात असे आम्ही म्हणत नाही. चोख काम करून देणारेही आहेत. पण पैसे देण्यापूर्वी समोरचा माणूस आपल्याला छपाई विकतो आहे की प्रकाशन, एवढा एक प्रश्न नवोदितांनी विचारावाच.

संपादन : सर्वांत आधी वाचवला जाणारा आणि सर्वांत महाग पडणारा खर्च

स्वखर्चाची पुस्तके वाचताना जाणवणारी पहिली उणीव म्हणजे संपादनाची. संग्रहात बारा चांगल्या कविता असतात आणि त्यांच्या भोवती साठ कच्च्या कविता असतात. नव्वद पानांच्या पुस्तकाला दोन प्रस्तावना, एक पाठराखण, तीन शुभसंदेश आणि आठ पानांचे मनोगत असते. मनोगतात शाळेतल्या गुरुजींपासून टंकलेखकापर्यंत सर्वांचे आभार असतात, मात्र पुस्तकाचा कच्चा खर्डा वाचून ‘हे काढून टाका’ असे सांगणाऱ्या कोणाचे नाव नसते. कारण तसे सांगणारा कोणी नसतोच.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो खोटा नाही. मुख्य प्रवाहातल्या संपादकाच्या हाती आपला मजकूर दिला तर तो त्यातली बोली घासून गुळगुळीत करील, ‘खाला’ची ‘मावशी’ करील, ‘अब्बा’चे ‘बाबा’ करील, जनाजा आणि जियारत यांना तळटिपा जोडील आणि आपले घर परक्यासाठी मांडलेल्या प्रदर्शनासारखे करून टाकील, असे आपल्या लेखकांना वाटते. ही भीती अनुभवातून आलेली आहे. परंतु चुकीच्या संपादनावर उपाय म्हणजे संपादनच नको, हा निष्कर्ष आम्हांला मान्य नाही. इद्दतची इज्जत झाली ती संपादकामुळे नव्हे, संपादक नसल्यामुळे झाली.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक हस्तलिखित दोन माणसांनी पूर्ण वाचावे. एक वाचक आपल्या समाजातला असावा, म्हणजे रीतिरिवाज, नाती आणि शब्द यांतली चूक त्याच्या नजरेतून सुटणार नाही. दुसरा बाहेरचा असावा, म्हणजे कुठे अर्थ लागत नाही, कुठे लेखक वकिली करू लागला आहे, हे तो सांगेल. दोघेही स्पष्ट बोलणारे हवेत. या कामाचे मानधन द्यावे. शुभसंदेशांची पाने, रंगीत पत्रिका आणि हॉलचे भाडे यांतून वाचवलेली रक्कम त्यासाठी पुरेल.

बोलीविषयीही एक निर्णय लेखकाने छपाईपूर्वी करावा. दखनी संवाद तसाच ठेवायचा की नाही, ‘रमजान’ लिहायचे की ‘रमझान’, नुक्ता द्यायचा की नाही, हे एकदा ठरवून एका कागदावर शब्दांची यादी करावी आणि ती अक्षरजुळणी करणाऱ्याच्या हाती द्यावी. एकाच कथेत ‘नमाज’, ‘नमाझ’ आणि ‘नमाज़’ असे तिन्ही प्रकार आम्ही वाचले आहेत. हा बोलीचा अस्सलपणा नव्हे, हलगर्जीपणा आहे. मराठीत रुळलेली रूपे वापरावीत हे आमचे मत, परंतु जे वापराल ते शेवटपर्यंत एकच वापरा.

अक्षरजुळणी, प्रूफ आणि फर्मे

आता थोडे तांत्रिक. अनेक डीटीपी केंद्रांत अजूनही जुन्या पद्धतीचे, युनिकोड नसलेले फॉन्ट वापरले जातात. लेखक मोबाईलवर युनिकोडमध्ये लिहितो, केंद्रात त्याचे रूपांतर होते आणि त्या रूपांतरात रफार सरकतात, जोडाक्षरे तुटतात, अवतरणचिन्हे बदलतात. त्यामुळे ‘आम्ही घरीच तपासले होते’ एवढ्यावर थांबू नये. रूपांतर झाल्यानंतर कागदावर काढलेले प्रूफच तपासावे. निदान दोन प्रुफे पाहावीत आणि अखेरच्या प्रुफावर सही करूनच छपाईला परवानगी द्यावी. सहीचा कागद हाती असला की चूक कोणाची यावर वाद उरत नाही. प्रकाशनाची तारीख मात्र पुस्तक हातात आल्यावरच ठरवावी. पत्रिका आधी आणि प्रूफ नंतर हा क्रम आपल्याकडच्या निम्म्या चुकांचे मूळ आहे.

शेवटी आपल्या मजकुराची युनिकोडमधील दुरुस्त प्रत मागून घ्यावी. दुसरी आवृत्ती काढायची झाली किंवा ई-पुस्तक करायचे झाले तर तीच उपयोगी पडते. २०१६च्या अखेरीपासून किंडलवर मराठी पुस्तके घेतली जाऊ लागली आहेत. परदेशात गेलेल्या आपल्या मुलांपर्यंत पोहोचण्याचा तो एक मार्ग आहे.

पुस्तकाची पाने फर्म्यांच्या हिशोबाने ठरतात. सर्वसाधारणपणे सोळा पानांचा एक फर्मा धरला, तर दहा फर्म्यांचे पुस्तक १६० पानांचे होते. १६३ पाने भरली तर तीन पानांसाठी जादा छपाई आणि कागद लागतो. तेव्हा तीन पाने कमी करणे हेही संपादनच आहे. प्रती कमी हव्या असतील तर डिजिटल छपाई परवडते. प्रती जसजशा वाढतात तशी ऑफसेट स्वस्त पडते. मागणीनुसार पन्नास-शंभर प्रती छापून घेण्याची सोय आता अनेक शहरांत आहे. असे असताना पहिल्याच कवितासंग्रहाच्या हजार प्रती काढायला लावणाऱ्या माणसाकडे संशयाने पाहावे.

हिशोब

आपले लेखक किंमत ठरवताना हिशोब मांडत नाहीत. समजा, ५०० प्रतींना सर्व मिळून ५०,००० रुपये खर्च आला. एक प्रत १०० रुपयांना पडली. किंमत २०० रुपये ठेवली आणि विक्रेत्याला ४० टक्के सूट दिली, तर प्रत्येक प्रतीमागे हाती १२० रुपये येतात. खर्च भरून निघायला ४१७ प्रती विकाव्या लागतील. आपण मात्र प्रकाशन समारंभात, नातेवाइकांत आणि ‘अभिप्रायार्थ’ म्हणून दीडशे प्रती सहज वाटून टाकतो. उरलेल्या ३५० सगळ्याच्या सगळ्या विकल्या गेल्या तरी ४२,००० रुपये येतात, म्हणजे ८,००० रुपयांचा तोटा ठरलेला. टपालखर्च निराळा. आकडे प्रत्येकाचे वेगळे असतील. पण हा कागद छपाईपूर्वी मांडला, तर किती छापायचे आणि किती वाटायचे हे आपोआप कळते.

फुकट वाटण्याविषयी आणखी एक शब्द. मोहल्ल्यात पुस्तक विकणे लाजिरवाणे वाटते हे आम्हीही अनुभवले आहे. चाचा-मामांकडून पैसे कसे घ्यायचे? परंतु फुकट मिळालेले पुस्तक बहुधा न उघडताच कपाटावर जाते. शंभर रुपये देऊन घेतलेले पुस्तक माणूस निदान उघडून पाहतो. प्रकाशनपूर्व नोंदणी हा यावर चांगला मार्ग आहे. पुस्तक छापण्याआधीच सवलतीच्या किमतीत नावे नोंदवून घ्यावीत. सत्तरच्या दशकात सुरू झालेल्या ‘ग्रंथाली’ने वाचकांनाच चळवळीचे सभासद करून घेतले आणि त्याच ‘ग्रंथाली’कडून १९७८ साली दया पवारांचे ‘बलुतं’ आले. वाचक आधी आणि छपाई नंतर, हा धडा त्यातून घेण्यासारखा आहे.

कागदपत्र : कंटाळवाणे पण आवश्यक

करार लेखी असावा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखन पूर्ण होताच त्याचा स्वामित्वहक्क लेखकाकडे असतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. हा हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच देता येतो. कोणता हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशासाठी, मोबदला किती हे त्यात स्पष्ट असायला हवे. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. स्वतः सगळा खर्च करून वर ‘सर्व हक्क प्रकाशकाधीन’ असे छापून देणारे लेखक आम्ही पाहिले आहेत. खर्च तुमचा असेल तर हक्कही तुमच्याच नावावर राहिले पाहिजेत.

आयएसबीएन क्रमांक दिल्लीतील राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून मिळतो. स्वतःचे पुस्तक काढणाऱ्या लेखकालाही तो मिळू शकतो, अर्ज ऑनलाइन करता येतो आणि संस्था त्याचे शुल्क घेत नाही. या क्रमांकासाठी म्हणून कोणी हजारो रुपये मागत असेल, तर तो तुमच्या अज्ञानाची किंमत घेत आहे. हेही ध्यानात असू द्या की आयएसबीएन हा पुस्तकाचा ओळखक्रमांक आहे. ते गुणवत्तेचे प्रमाणपत्र नव्हे आणि स्वामित्वहक्काचा पुरावाही नव्हे.

१९५४च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार प्रकाशकाने प्रत्येक नव्या पुस्तकाची एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक प्रत मुंबईचे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचे कोनेमारा ग्रंथालय व दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय यांना, प्रकाशनापासून तीस दिवसांत स्वखर्चाने पाठवायची असते. आपल्यापैकी किती जण हे करतात? चार प्रतींचा खर्च फार नाही, पण त्याचे मोल फार आहे. ताराबाई शिंद्यांची ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापली गेली. १८८५ साली फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये तिची बाजू घेतली. त्यानंतर ते पुस्तक जवळजवळ विस्मरणात गेले आणि स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा प्रकाशात आणले. मधली नव्वद वर्षे गेली. कुठेतरी एक प्रत टिकली होती, म्हणून आज आपल्याला ताराबाई माहीत आहेत. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ आपल्यापर्यंत आला तो हस्तलिखिते जपणाऱ्यांमुळे. उद्या कोणी मुस्लिम मराठी साहित्याचा इतिहास लिहायला बसेल, तेव्हा त्याला ग्रंथालयात जे सापडेल तेवढेच आपले साहित्य ठरेल. आपल्या पलंगाखालच्या गठ्ठ्यांची नोंद इतिहासात होत नसते.

श्रेयपृष्ठावर मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव, पत्ता, आवृत्तीचे वर्ष आणि किंमत हे सगळे असावे. टपालासाठीही ते उपयोगी आहे. पुस्तकांसाठीची जुनी नोंदणीकृत बुकपोस्टाची सोय डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली, तेव्हा छोट्या प्रकाशकांचे कंबरडे मोडायची वेळ आली होती. १ मे २०२५ पासून टपाल खात्याने ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केले. त्यात ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये अधिक कर, असे दर जाहीर झाले. कथासंग्रहाची एक प्रत चंद्रपूरच्या वाचकाला कुरिअरने पाठवण्यापूर्वी टपाल कार्यालयात एकदा चौकशी करावी.

शासनाच्या योजनांबाबत आपल्याकडे दोन टोके दिसतात. काही जण त्यांवरच विसंबतात, काहींना त्या ठाऊकच नसतात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे. राज्य वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनासाठी स्वतंत्र विभाग आहे. महाराष्ट्रात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालये दहा हजारांहून अधिक आहेत. यांतील आपल्या तालुक्यातल्या दहा ग्रंथालयांत स्वतः जाऊन ग्रंथपालाला भेटलेला लेखक आम्हांला क्वचित आढळतो. समाजमाध्यमांवर मुखपृष्ठ टाकले की वितरण झाले, असा समज वाढतो आहे. मिळालेल्या अभिनंदनाच्या संदेशांपैकी किती जणांनी पुस्तक विकत घेतले, याचा प्रामाणिक आकडा लेखकाने स्वतःपुरता तरी काढून पाहावा.

चळवळीने काय करावे

एवढे सगळे एकट्या लेखकाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. नोकरी, संसार आणि लेखन सांभाळणाऱ्या भगिनीने प्रूफही तपासावे, हिशोबही ठेवावा आणि ग्रंथालयांचे उंबरठेही झिजवावेत, हे सांगणे सोपे आहे. म्हणून काही कामे आपण मिळून केली पाहिजेत. प्रत्येक संमेलनाच्या मांडवात स्वखर्चाच्या पुस्तकांचे एक सामायिक विक्री-टेबल असावे, त्याचा हिशोब ठेवावा आणि पैसे लेखकाला पोहोचवावेत. हस्तलिखिते वाचणाऱ्या पाच-सहा जाणकारांचे मंडळ असावे. निघालेल्या प्रत्येक पुस्तकाच्या दोन प्रती एका ठिकाणी जपून ठेवाव्यात आणि त्यांची यादी दरवर्षी छापावी. यातले कोणतेही काम ठरावाने होणार नाही. दोन-तीन माणसांनी अंगावर घेतले तरच होईल.

आणि समीक्षकांनी, म्हणजे आम्हीच, एक पथ्य पाळावे. पूर्ण पुस्तक वाचल्याशिवाय प्रस्तावना लिहू नये. आपल्या माणसाचे पहिले पुस्तक म्हणून दोष झाकू नयेत. मुख्य प्रवाहाने आपली दखल घेतली नाही, ही आपली तक्रार रास्त आहे. पण आपणच आपल्या लेखकाला न वाचता शाबासकी देतो, तेव्हा तीही उपेक्षाच असते. फरक एवढाच की ती गोड बोलून केलेली असते.

त्या शिक्षिकेच्या पुस्तकाविषयी थोडे सांगून थांबतो. त्यांच्याकडे विक्रीविना पडलेल्या दोनशेच्या आसपास प्रती होत्या. शाळेच्या सुट्टीत बसून त्यांनी प्रत्येक प्रतीत निळ्या शाईने ‘इज्जत’ खोडून ‘इद्दत’ लिहिले, सगळ्या ठिकाणी, सगळ्या प्रतींत. नंतर त्या प्रती त्यांनी आसपासच्या गावांतल्या ग्रंथालयांना आणि महाविद्यालयांना स्वतः नेऊन दिल्या. कोणी पैसे दिले, कोणी दिले नाहीत. एक प्रत त्यांनी आम्हांला दिली. त्यांनी आमच्या प्रस्तावनेला हात लावलेला नव्हता. त्या प्रतीत शाईने दुरुस्त न झालेली तेवढीच चार पाने आहेत. दुसऱ्या आवृत्तीची तयारी आता सुरू आहे. अखेरचे प्रूफ आम्ही वाचतो आहोत, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत.